सॅडलचा डावा कोपरा

रविवारी दुपारी जमायचं ठरलं होतं आणि ठरल्याप्रमाणे सगळे जमलेही, पण बसायचं कुठे हे कोणी ठरवलं नव्हतं. मागच्या खोलीतलं धातू कापायचं मिलिंग मशीन गेले चार महिने उघडून पडलं होतं. टेबल भिंतीला उभं केलेलं, मोटर खिडकीखाली, हँडलं एका खोक्यात. खोलीच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांवर सॅडल होतं, म्हणजे टेबल ज्याच्यावरून सरकतं तो, दोन माणसांनी उचलायचा, बिडाचा भाग. आत्याने एक बादली उलटी केली, तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि बसली. तिचे गुडघे दुखत होते. या बैठकीसाठी तिने दोन्ही भावांना मिळून अकरा फोन केले होते आणि बाराव्याची ताकद आता तिच्यात नव्हती.

काकांनी बाहेर गाडी लावली. गाडीचं दार लॉक केलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं, मग तिसऱ्यांदा ओढलं. या सवयीवर घरात इतके विनोद होऊन गेले होते की आता कोणी हसतही नसे.

"लागलंय रे धाकट्या," आत्या आतूनच म्हणाली.

"लागलं असेल. बघायला काय जातं, ताई."

अण्णा खिडकीजवळच्या स्टुलावर होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली दाबून ठेवला होता. गेल्या वर्षापासून तो थरथरत होता आणि तो थरथरतो हे सगळ्यांना माहीत असूनही ते तो लपवत.

"ये," अण्णा म्हणाले.

"आलो," काका म्हणाले.

एकोणीस वर्षांनी या खोलीत दोघा भावांचं झालेलं हे पहिलं बोलणं. लग्नकार्यात ते भेटत, शेजारी बसून जेवतही, पण काका या खोलीच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवत नसत. आत्याला वाटलं, चला, दोन शब्द झाले. वाईट नाही.

"सांग बाबा मायक्रॉन, तुझं काय ते सांग," ती भाच्याला म्हणाली.

अण्णांचा मुलगा चाळिशीचा झाला होता, तरी नात्यात सगळे त्याला मायक्रॉनच म्हणत. चहात साखर किती, याचंही उत्तर हा दशांशात देतो असं काकांचं म्हणणं. वीस वर्षं तो ज्या कारखान्यात मापं तपासायचा तो आता दुसऱ्या गावी हलला होता. ज्यांना तिकडे यायचं त्यांनी उद्या, सोमवारी, होकार कळवायचा होता. त्याला जायचं नव्हतं. आजोबांच्या मशीनला नवे स्क्रू, मोटरी आणि संगणकाचा कंट्रोल बसवून घरीच काम सुरू करायचं असं त्याने ठरवलं होतं, एक गिऱ्हाईकही मिळवलं होतं.

"जुन्या स्क्रूत प्ले आहे," तो म्हणाला. "हँडल पाव फेरा रिकामं फिरतं, मग टेबल हलतं. अण्णांना ते हाताला कळतं. मोटरला कळत नाही. म्हणून बॉल स्क्रू घातला पाहिजे, आणि त्याचा नट जाड आहे. सॅडलच्या पोटात मावत नाही. डाव्या बाजूने दोन सूत बीड काढलं की मावतो. हे मशीन स्वतःचं सॅडल स्वतः कापू शकत नाही, म्हणून काकांच्या मोठ्या मशीनवर न्यायचं. उद्या सकाळी. बास, एवढंच आहे."

"मग अडलंय कुठे?"

"अण्णा नको म्हणतात."

"का रे अण्णा?"

"नको," अण्णा म्हणाले.

"अरे, पण का?"

"सॅडल कापायचं नाही. बाकी काय हवं ते करा."

"बघितलंस आत्या? चार महिने हे असं चाललंय. बाकी काय हवं ते करा म्हणजे काय करू? रंग देऊ? नवा दिवा लावू?"

"आवाज खाली," आत्या म्हणाली, पण तिलाही त्याचंच पटत होतं. बाबांच्या मशीनला हात लावायचा नाही, एवढाच हा हट्ट. म्हातारी माणसं अशीच असतात, आणि आपण दोनच वर्षांनी लहान आहोत हे ती त्या क्षणी सोयीने विसरली.

सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा आतला आवाज वाढला होता, म्हणून ती दारातच थांबली. सकाळी सहा ते दुपारी दोन तिने प्रयोगशाळेत लोकांची रक्तं काढली होती. घरी आली तर न्हाणीघरातल्या बादलीत रॉकेलमध्ये बुडवलेले बोल्ट. तेही आता तिने बाजूला सरकवायचं सोडून दिलं होतं.

अण्णांच्या 'नको'वर ती मनातून खूश होती आणि ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मशीन असंच पडून राहिलं तर नवरा उद्या होकार देईल. महिन्यातून दोनदा घरी येईल, पण पगार चालू राहील आणि घरात कुठेही हात टेकला तरी हाताला तेल लागणार नाही. चार महिन्यांत जेवताना बापलेकांची जुंपली की ती सासऱ्यांच्या बाजूने एखादं वाक्य टाकायची. अण्णांना वाटायचं सून आपलं मन जाणते. त्याची तिला लाज वाटायची, पण वाक्य टाकायची.

"अण्णांनाही काही कारण असेलच," ती आताही म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ते इतके दमलेले दिसत होते की तिने ट्रे पटकन खाली ठेवला.

"कारण असेल तर सांगावं," काका म्हणाले. "मी काय, अर्धा दिवस मोडून आलोय. आखणी करून जातो, तोवर तुमचं ठरवा. काटकोनाचा गुण्या कुठे आहे?"

काकांनी बाह्या दुमडल्या. सॅडलजवळ उकिडवे बसताना त्यांनी एक हात जमिनीवर टेकला. सहासष्टाव्या वर्षी खाली बसणं आणि उठणं ही दोन वेगळी कामं झाली होती.

या मशीनला त्यांचा हात शेवटचा लागला त्याला पन्नास वर्षं झाली. सोळाव्या वर्षी ते अण्णांच्या बरोबरीने बाबांच्या हाताखाली काम करत. एका संध्याकाळी सॅडल खालून पुसायला म्हणून दोराने आढ्याला टांगलं होतं. गाठ त्यांनी मारली आणि ते घरात गेले. सकाळी सॅडल फरशीवर पडलेलं, कोपऱ्याला तडा. गाठ कोणाची, बाबांनी विचारलं. माझी, ते म्हणाले. बाबा रागावले नाहीत. "याच्या हाताला धीर नाही," एवढंच म्हणाले, आणि आठ दिवसांत त्यांना दुसऱ्या गावी मशीन दुरुस्तीच्या कारखान्यात पाठवलं. तिथे मालकाच्या माळ्यावर ते सहा वर्षं झोपले. मोडलेलं सॅडल भंगारात गेलं, दुसरं आणावं लागलं, असं मागाहून ताईच्या पत्रातून कळलं. एकोणीस वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर मशीन अण्णांकडे राहिलं, त्यावर कोणी चर्चासुद्धा केली नाही. ज्याच्या हाताला धीर होता त्याच्याकडे राहिलं.

त्यांनी वेस्टच्या, म्हणजे सुती धाग्यांच्या, बोळ्याने सॅडल पुसलं. मग सवयीने हातोडीच्या दांड्याने एकेक कोपरा ठोकून पाहिला. दुरुस्तीचं काम करणारा माणूस हे न ठरवता करतो. उजवीकडे बीड खणखणीत वाजलं. मागे वाजलं. डाव्या कोपऱ्यावर आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा ठोकलं.

"मायक्रॉन, तुझं हे सॅडल बोलत नाही रे इथे. आत पोकळी दिसते. जरा पत्ती दे, रंग काढून बघतो."

"तिथे काढू नकोस," अण्णा म्हणाले.

"का?"

अण्णा स्टुलावरून उठले.

"ते तेच आहे," ते म्हणाले.

"तेच म्हणजे?"

"तेच सॅडल. दुसरं कधी आणलंच नाही. बाबांनी आणि मी सांधलं. तड्यावर ओळीने भोकं पाडली, आटे पाडले, एकाला एक खेटून पितळी स्क्रू बसवले. माथे घासले, वरून पुट्टी भरून रंग दिला. सगळ्यांना सांगितलं, नवं बसवलं. तुटक्या सॅडलवर बारीक काम कोण देणार होतं?"

काकांनी पत्तीने रंगाचा पोपडा काढला. खाली मळकट पिवळे ठिपके निघाले, एकमेकांत अर्धे शिरलेले, शर्टाला फार जवळजवळ लावलेल्या बटणांसारखे. ते मोजत गेले. सतरा.

"सगळ्यांना म्हणजे मलाही," ते म्हणाले.

"तू त्या कारखान्यात होतास. आपली गिऱ्हाइकं तिकडेही यायची."

मायक्रॉन खाली वाकून पाहत होता. गुण्या लावायची गरजच नव्हती. दोन सूत जिथून काढायचं तिथूनच ही ओळ जात होती.

"उद्या कापलं असतं तर कोपरा हातात आला असता," तो सावकाश म्हणाला. "दुसरं सॅडल जगात कुठे मिळालं नसतं. चार महिने, अण्णा. चार महिने मी विचारतोय का नको. मी तुम्हाला काय काय बोललो."

"बोललास."

"एका वाक्याचं काम होतं."

अण्णांनी मान हलवली.

काका उठले. उठायला त्यांना वेळ लागला. मग ते पुतण्याला म्हणाले, "त्यांना नको बोलूस. हे माझं आहे. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. ती गाठ मी मारली होती. माझ्यामुळे तुझं काम अडलं, असं धर." आणि मग, थांबून, अण्णांना: "आणि तू हे झाकत बसलास? मला कमीपणा नको म्हणून? पोराचं बोलणं खाल्लंस, तोंड उघडलं नाहीस. तुझंही काही खरं नाही, अण्णा."

बोलता बोलता त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

आत्याने पदराने डोळे टिपले. अकरा फोन फुकट गेले नाहीत, असं तिला वाटलं. "चला," ती म्हणाली, "चहा निवतोय."

अण्णांना खांद्यावरचा हात जड वाटत होता. जड आणि ऊबदार. असा हात पन्नास वर्षांत त्यांच्या खांद्यावर कोणी ठेवला नव्हता. कोणी ठेवील अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

सगळं आपोआप जुळून आलं होतं. सॅडल वाचलं होतं. मुलगा आता रागाने बघत नव्हता, उलट शरमला होता. ताई रडून मोकळी झाली होती. फक्त कप उचलायचा होता आणि एक घोट घ्यायचा होता. चार महिने त्यांनी रात्रंदिवस एकच हिशोब केला होता, की तड्याचं सांगायचं आणि तड्यापाशीच थांबायचं. थांबता येईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून तड्याचंही सांगितलं नव्हतं. आता थांबता येत होतं. धाकट्याने स्वतःच थांबायची जागा करून दिली होती.

"गाठ तुझी नव्हती," ते म्हणाले.

काकांचा हात खांद्यावर तसाच राहिला.

"तू आत गेल्यावर मी सोडली. मला ते एका अंगाला झुकलेलं वाटलं. सरळ केलं आणि परत बांधलं. मला बाहेर जायचं होतं, मित्र थांबले होते. घाईत बांधलं. सकाळी बाबांनी विचारलं, तेव्हा मी बोलणारच होतो. पण तू आधी बोललास. माझी म्हणालास."

"मारली होती म्हणून म्हणालो."

"हो. तुला काय माहीत, मी सोडली ते."

"आणि मग?"

"मग मी बोललो नाही."

हात खांद्यावरून निघाला. सूनबाईला त्याच क्षणी काकांचा चेहरा दिसला आणि तिने नजर खाली वळवली. रोज ती लोकांच्या हातात रिपोर्ट देते, आणि ते उघडताना त्यांच्याकडे बघायचं नाही हे ती फार पूर्वी शिकली होती.

"बाबांना माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"त्या आठ दिवसांत सांगता आलं असतं. माझी पेटी भरत होतो तेव्हा."

"आलं असतं."

"माझी पेटी तू उचललीस. गाडीपर्यंत."

"हो."

"धाकट्या," आत्या म्हणाली, "झालं ते झालं रे. तिकडे शिकलास, स्वतःचा कारखाना काढलास. एका परीने बरंच..."

"ताई, तू गप्प बस." काका तिच्याशी असं कधी बोलत नसत. "माझं बरं झालं की वाईट, ते मी बघतो. मी रात्री उठून गॅसचं बटण तीनदा बघतो. पोरांच्या वह्या तीनदा तपासल्या. तुम्ही सगळे हसलात, मीही हसलो. मला वाटायचं, माणूस स्वतःला ओळखून राहिलेला बरा."

ते बाहेर गेले. गाडीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला, पण गाडी सुरू झाली नाही. मायक्रॉनने खाली पडलेले रंगाचे पोपडे गोळा केले आणि कुठे टाकायचे ते न कळून हातातच धरून ठेवले. आत्या बादलीवर बसून होती. आज आपण कोणाच्या बाजूने आहोत हे तिला सांगता येईना. अण्णांच्या बाजूने बसावं तर ते पत्र तिनेच लिहिलं होतं, नव्या सॅडलचं, बाबांनी सांगितलं तसं. धाकट्याच्या मागे बाहेर जावं तर त्याने बोलावलं नव्हतं.

पंधरा मिनिटांनी काका परत आले. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"गिऱ्हाइकाचा जॉब, तो कापायचा तुकडा, किती लांबीचा आहे?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"चारशे ऐंशी मिलिमीटर."

"मग ऐक. नट पोटात घालू नकोस. बाहेर काढ. उजव्या टोकाला ब्रॅकेट लाव, तिकडचं बीड चांगलं आहे, वाजवून बघितलंय मी. ब्रॅकेटमध्ये नट. सॅडलला कापायचं कारणच उरत नाही. फक्त टेबल साठ मिलिमीटर कमी सरकेल. चारशे चाळीस मिळतील तुला."

"म्हणजे जॉब एका सेटिंगमध्ये बसत नाही."

"दोनमध्ये बसव. अर्धा कर, फिरवून पकड, उरलेला कर. वेळ दुप्पट. कंटाळवाणं आहे, पण होतं. ब्रॅकेट मी करून पाठवतो. बसव तू. मी या खोलीत परत येणार नाही."

मायक्रॉन मान खाली घालून मनात आकडे फिरवत राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच तिला तो तिच्याकडे विचारायला बघतोय असं वाटलं, पटवायला नाही.

"दुप्पट वेळ म्हणजे तासाचा भाव निम्मा पडणार," तो म्हणाला. "उद्या होकार कळवू का? खरं सांग."

होकार म्हण, असं तिच्या जिभेवर होतं. चार महिने होतं. तिने अण्णांकडे पाहिलं. आज इथे जे एवढं कष्टाने बोलून झालं होतं, त्याच्या शेजारी आपलं ते लपवलेलं 'होकार म्हण' ठेवणं तिला जमेना.

"मला तू जायला हवा होतास," ती म्हणाली. "पहिल्यापासून. अण्णांची बाजू घ्यायचे ती त्यासाठीच. आता सांगून टाकते. अण्णा, माफ करा."

अण्णांनी राहू दे म्हणून हात हलवला.

"एक वर्ष," ती पुढे म्हणाली. "एक वर्ष करून बघ. माझा पगार आहे. आणि बोल्ट न्हाणीघरात नकोत."

"नकोत," तो म्हणाला.

काकांनी हात पुसले. अण्णा त्यांच्या समोर उभे होते, काय करावं न कळून, शिकाऊ माणसासारखे.

"मी काय करू?" अण्णांनी विचारलं.

"ब्रॅकेटला तुझा हात नको."

"त्याचं नाही म्हणत मी."

काकांनी वेस्टचा बोळा ठोकळ्यावर ठेवला. "चप्पल घाल," ते म्हणाले. "माझ्या घरी चल. माझ्या बायकोने अडतीस वर्षं ऐकलंय की माझ्या हाताला धीर नाही. पोरांनी ऐकलंय. बाबा म्हणाले होते म्हणून मीच सांगितलंय त्यांना, हसत हसत. आता मी जाऊन म्हटलं की ती गाठ माझी नव्हती, तर ती म्हणेल, ह्यांना या वयात काय सुचतंय. तू सांग."

"आत्ता?"

"मग कधी?"

अण्णांनी चप्पल शोधली. एक स्टुलाखाली होती, दुसरी सूनबाईने काढून पुढे ठेवली. मायक्रॉन त्यांना धरायला पुढे झाला, पण ते एकटेच पायरी उतरले आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. काका वळसा घालून आले आणि स्टिअरिंगपाशी बसले. दारातून आत्याला काचेतून दोन पांढरी डोकी दिसत होती, एकमेकांकडे न बघणारी.

"काय म्हणू तिला?" अण्णांनी विचारलं.

"इथे म्हणालास तेच," काका म्हणाले आणि गाडी सुरू केली. "फक्त जरा मोठ्याने म्हण. तिला आता कमी ऐकू येतं."